आधी बाजार, मग बेत: किनाऱ्यावरच्या सुट्टीत मासळी कशी घ्यावी

ठाणे-नवी मुंबईची मंडळी अलिबाग, मुरुड किंवा दापोलीला निघाली की पनवेल सुटायच्या आत जेवणाचा बेत ठरलेला असतो. उद्या पापलेट, परवा सुरमई, आणि एकदा तरी चिंबोरी. मग तिथल्या बाजारात जाऊन नेमकं तेच शोधलं जातं, त्या दिवशी ते उतरलेलं असो वा नसो. मागितलं की मिळतंच: बर्फाच्या पेटीतून कधीतरी आलेलं पापलेट निघतं, भाव सुट्टीचा लागतो, आणि शेजारच्या पाटीतली पहाटे आलेली लखलखीत मुडदुशी तशीच पडून राहते. एवढा प्रवास करून समुद्राशी जायचं आणि घराजवळच्या बाजारात रोज मिळतं तेच, त्याहून शिळं खायचं, हे मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून हा लेख. त्यातलं मुख्य सांगणं एकच: बेत घेऊन बाजारात जाऊ नका, बाजार बघून बेत करा. ते कसं जमवायचं ते आता क्रमाने सांगते.

घराजवळ सराव

सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी दिवाळ्याला चक्कर मारून या. सीबीडी बेलापूरला लागून असलेलं हे कोळी गाव, बाजार मोठा, आणि खाडी अगदी जवळ. ठाण्यातल्यांना लांब पडत असेल तर जवळचा कुठलाही कोळणींचा बाजार चालेल. दिवाळ्याची सोय ही की तिथे खाडीची मासळी आणि बाहेरून गाडीने आलेली मासळी शेजारी शेजारी बघायला मिळते. रोहू-कटला बहुतेक आंध्रातून बर्फात येतो. त्याच्या बाजूलाच कोणाकडे खाडीतली बोयटं किंवा कोळंबी असते. दोन्हींचे डोळे बघा, कल्ले बघा, कातडीची चमक बघा. फरक एकदा डोळ्यांत बसला की दापोलीजवळच्या हर्णै बंदरावरच्या गर्दीत कोणाला विचारायची गरज पडत नाही.

बोंबलावर मुद्दाम वेळ घालवा, कारण ताजेपणा त्याच्याइतका उघड कुठलाच मासा दाखवत नाही. ताजा बोंबील जवळजवळ आरपार दिसतो. अंगावर गुलाबी छटा असते, तोंड आतून लालसर असतं, आणि उचलला तर लोंबतो पण तुटत नाही. शिळा झाला की तो दुधट, मग पिवळट होतो, पोटाशी फाटायला लागतो आणि त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचतं. पाच मिनिटं बघितलंत तरी पुरे. आणि बघायला उभं राहायचं तर थोडं काही घ्या, सकाळच्या धंद्याच्या वेळी नुसती गर्दी करू नये.

कॅलेंडर काढा

यासाठी भिंतीवरचं, तिथी असलेलं कॅलेंडर हवं. त्यात तीन गोष्टी बघायच्या: महिना, तिथी आणि वार.

महिन्याचं सोपं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि दर्याही खवळलेला. या दोन महिन्यांत किनाऱ्यावर कोणी 'आजचं ताजं पापलेट' देऊ केलं तर जरा थांबा, ते बहुधा शीतगृहातलं असतं. पावसाळ्यात गेलात तर खाडीची मासळी, चिंबोऱ्या आणि सुकी मासळी यांवर लक्ष ठेवा. जूनच्या सुरुवातीला गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली चिवणी मिळाली तर दुसरं काही मागू नका. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम पुन्हा रंगात येतो आणि थंडीत बाजार बघण्यासारखा असतो. मे महिन्यात मासळी कमी आणि पर्यटक जास्त, त्यामुळे भाव चढे.

तिथी का बघायची? कारण समुद्र तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही दूरपर्यंत जाणारी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी असते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही मासळी बरीचशी डोलीच्या जाळ्यात मिळते. डोल एका जागी बांधलेली असते, आणि पाण्याच्या ओढीने मासळी तिच्यात शिरते. ओढच नसेल तर जाळं भरणार कसं? म्हणून भांगाच्या दिवसांत बोंबलाचा हट्ट धरू नये. उलट उधाणाच्या ओहोटीला खडक आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात, कालवं काढायला आणि शिंपल्या वेचायला बायका जातात, आणि त्यानंतरच्या बाजारात तिसऱ्या, खुबे, कालवं दिसतात.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, पावणेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. समुद्रात उतरायला त्यावर विसंबू नका, पण बाजाराचा दिवस आखायला तो पुरतो. लहान होड्या अनेक ठिकाणी भरतीच्या पाण्यावरच आत येतात, त्यामुळे मासळी कधी उतरेल याचा अंदाजही यातूनच येतो.

वार मात्र आपल्याकडच्या चालीरीतींनी ठरतो. रविवार, बुधवार, शुक्रवारी बाजाराला उसंत नसते. सोमवार, गुरुवार, शनिवारी अनेक घरांत मासळी शिजत नाही, गिऱ्हाईक कमी असतं, आणि विकणाऱ्या बाईला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. तुमच्या घरी वार पाळत नसतील तर सुट्टीतला गुरुवार बाजारासाठी ठेवा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणि श्रावणात हा फरक आणखी जाणवतो.

शिजवणार कोण?

हे बाजारात जायच्या आदल्या संध्याकाळी ठरलं पाहिजे. कोकणातल्या बऱ्याच घरगुती खानावळी आणि राहायच्या जागा आपण आणलेली मासळी शिजवून देतात, पण सगळ्याच देत नाहीत. घरमालकिणीला सरळ विचारा: काकू, उद्या आम्ही मासळी आणली तर कराल का? किती वाजेपर्यंत आणून देऊ? साफ करून आणू की तुम्ही कराल? करणावळ किती, आणि ती किलोवर की ताटावर? भाकरी, भात, सोलकढी त्यात धरली आहे का? एवढं बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी कोणाचाच विरस होत नाही.

एक विनंती. त्यांच्या हातचं कालवण त्यांच्या पद्धतीनेच होऊ द्या. आगरी-कोळी घरात चिंचेचं, लाल मसाल्याचं कालवण होईल, रत्नागिरीकडे ओल्या नारळाचं वाटण आणि कोकम पडेल. घरचा मसाला डब्यात घालून नेण्याची गरज नाही.

त्याच वेळी आणखी एक विचारून घ्या: "इथे बोटी कधी लागतात, आणि तुम्ही स्वतः मासळी कोणाकडून घेता?" गावातल्या माणसाने दिलेलं एक नाव फार कामाला येतं.

बरोबर काय न्यावं

झाकणाचे दोन मोठे डबे, कापडी पिशवी, सुट्टे पैसे, आणि पाण्यातून चालता येईल अशी रबरी चप्पल. क्यूआर कोड आता बहुतेक कोळणींकडे असतो, पण बंदरावर रेंज असेलच असं नाही. मुलांना जरूर न्या, त्यांना बाजार आवडतो. फक्त पायाखाली बर्फाचं पाणी, खवलं आणि काटे असतात, अनवाणी सोडू नका.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

बाजारात शिरल्यावर एक पूर्ण फेरी काहीही न घेता मारा. कोणती मासळी जास्त पाट्यांवर दिसते ते बघा. जी सगळीकडे आहे, ती आज उतरलेली आहे. सगळ्या बाजारात एकाच बाईकडे चार सुरमया असतील आणि बाकी पाट्या बांगड्यांनी भरल्या असतील, तर आजचा दिवस बांगड्याचा. तो मिळेल ताजा आणि स्वस्तही.

मग एक प्रश्न विचारा, जो पर्यटक सहसा विचारत नाहीत: "मावशी, ही मोठ्या बोटीची की छोट्या होडीची?" मोठ्या ट्रॉलर एकेका फेरीला अनेक दिवस समुद्रात असतात. त्यांची मासळी आज बंदरात उतरली तरी पकडलेली केव्हाची असू शकते. बर्फात नीट ठेवली असेल तर ती वाईट नसते, पण सकाळी गेलेल्या होडीने दुपारी आणलेल्या मासळीची चव वेगळीच. हा प्रश्न विचारला की तुम्हाला कळतं हे बाईच्याही लक्षात येतं, आणि पुढचं बोलणं सरळ होतं.

मासळी ओळखणं

सगळ्याच माशांना लागू पडणाऱ्या खुणा बहुतेकांना ठाऊक असतात: डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले लाल हवेत, बोटाने दाबलं तर खड्डा राहू नये, वास समुद्राचा यावा. पण मासळीगणिक वेगळी परीक्षा असते.

पापलेट: कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबून बघतात. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर नको, अशी कोळणींची खूण आहे. अंगावर चंदेरी खवलांची चमक हवी. आणि पंजाहून लहान पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं ते त्याची संख्या घटते आहे म्हणूनच. ज्याने एकदाही अंडी घातली नाहीत असं पिल्लू ताटात आलं तर पुढच्या वर्षी काय उरणार?

सुरमई: अख्खी बघूनच घ्या आणि समोर कापून घ्या. आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांत मांस काट्यापासून सुटलेलं दिसलं तर पुढे चला.

बांगडा: ताठ हवा, शेपटी खाली पडलेली नको. बांगडा आणि कुप्पा (ट्यूना) यांच्या बाबतीत मी फार कडक आहे. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून किंवा तळूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असे त्रास होतात. बर्फाशिवाय उन्हात मांडलेला बांगडा कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

कोळंबी: डोकं धडाला घट्ट हवं, काळे डाग नकोत. सोलल्यावर निम्म्याच्या आसपास उरते, हे धरून वजन सांगा.

चिंबोरी: जिवंतच घ्यायची. दोन सारख्या आकाराच्या चिंबोऱ्या दोन हातांत घ्या, जी जड ती भरलेली. अमावास्येच्या आसपास चिंबोरी भरलेली असते आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर सगळीकडे सांगतात. पोटाखालची झडप रुंद असेल तर मादी, अरुंद असेल तर नर. लाख, म्हणजे आतली लालसर अंडी, हवी असेल तर मादी बघा. नांग्या बांधलेल्या असल्या तरी मुलांच्या हातात देऊ नका.

तिसऱ्या आणि शिंपल्या: तोंड मिटलेलं हवं. उघडी असेल तर टिचकी मारा. जिवंत असेल तर मिटते, नाहीतर बाजूला काढा. शिजवल्यावर जी उघडत नाही तीही खायची नाही. या पाणी गाळून खाणाऱ्या असल्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. ठाणे खाडीत शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं, म्हणून मी तिसऱ्या इथे घेत नाही, तळकोकणातल्या किंवा दापोलीकडच्या स्वच्छ खाडीच्याच घेते. राहत्या जागी मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवल्या की वाळू सोडतात. काकूंना वेळ असेल तर त्यांना एकशिपी, म्हणजे एका शिंपल्यासकट केलेलं तिसऱ्यांचं कालवण, करायला सांगा.

माकूल (स्क्विड) पांढरीशुभ्र आणि घट्ट हवी, गुलाबी पडायला लागलेली नको. रायगडात खाडीचा जिताडा मिळाला तर खिसा जरा सैल सोडा, त्याची तुलना कशाशी होत नाही.

भाव आणि बोलणं

लहान मासळी वाट्यावर मिळते, मोठी वजनावर किंवा नगावर, चिंबोऱ्या नगावर. चार माणसांच्या एका जेवणाला अख्खी मासळी एक किलो पुरते. वाट्याचा भाव विचारताना तो उचलून खालची मासळीही वरच्यासारखीच आहे ना हे बघून घ्या. त्यात कोणाला राग येत नाही.

घासाघीस करा, पण बेताने. अर्ध्या भावात मागणं हे किनाऱ्यावर अपमानाचं समजतात. सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, तुमच्यापासून होत असेल तर भाव विचारून तसंच निघून जाऊ नका. पैसे कमी करायला लावण्यापेक्षा वर दोन बांगडे किंवा मूठभर करंदी मागितली तर ती हसत मिळते. या बायका पहाटेपासून उभ्या असतात, बर्फाचे, जागेचे, टेम्पोचे पैसे त्याच पाटीतून निघायचे असतात. नाकाला रुमाल लावून त्यांच्यासमोर उभं राहू नये. फोटो काढायचा तर आधी विचारावं.

हर्णैचा लिलाव

दापोलीला गेलात तर हर्णै बंदर चुकवू नका. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, बोटी जरा दूर नांगरलेल्या, आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते. वाळूवर ढीग पडतात, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं होतं, आणि बोली सुरू होते. सकाळीही लिलाव होतो, पण पर्यटकांच्या सोयीचा दुपारनंतरचा, साधारण चारच्या पुढचा. त्या दिवशीची नक्की वेळ राहत्या जागी विचारूनच निघा.

तिथे काय करायचं? आधी अर्धा तास बाजूला उभं राहून ऐका. बोली भराभर चढते आणि तुटते. ढीगच्या ढीग विकले जातात, त्यामुळे एका कुटुंबाने बोलीत उतरण्यात अर्थ नाही. लिलाव जिंकलेल्या बायका तिथेच मागे बसून किरकोळ विकायला लागतात, त्यांच्याकडे जा. बोली ऐकलेली असल्यामुळे भावाचा अंदाज तुम्हाला असतो, आणि त्यांच्या कष्टाचे चार पैसे वर देणं योग्यच. दोन-तीन कुटुंबं एकत्र गेली असतील तर एक छोटी पाटी मिळून घेता येते. बैलगाडीच्या वाटेत उभं राहू नका, आणि ढिगावरून पाय टाकून कधीही पलीकडे जाऊ नका.

कापून घेताना

बाजारात कापून देणाऱ्या बायका वेगळ्या बसतात, पैसे वेगळे. तळायला की कालवणाला हे आधीच सांगा. सुरमईच्या तळायला आडव्या तुकड्या, पापलेट अख्खं ठेवून चिरे, भरायचं असेल तर तसं स्पष्ट सांगून. डोकी आणि शेपट्या मागून घ्या, कालवणाला खरी चव त्यांचीच. बोंबील मधून चिरून आणा, राहत्या जागी पाट्याखाली दाबून ठेवले की पाणी निघतं आणि कुरकुरीत तळले जातात.

सुकी मासळी आणि इतर खरेदी

परतायच्या आदल्या दिवशी सुक्या बाजारात जा. सोडे, सुकट, जवळा, सुके बोंबील, वाकट्या. बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळवलेला, कोरडा, मोडला तर कटकन तुटणारा हवा. दमट, बुरशी धरलेला किंवा तांबूस डाग पडलेला नको. खारवलेला की बिनमिठाचा, हे विचारून घ्या, नाहीतर रस्सा बिघडतो. सोडे महाग असतात, थोडेच घ्या पण चांगले घ्या. पावसाळ्याची बेगमी करायची तर एप्रिल-मे हा त्याचा काळ.

वाटेत अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा उन्हाळ्याच्या सुमाराला येतो. गोडसर असतो, तळलेल्या मासळीबरोबर कच्चा खावा. आमसुलं, कोकम आगळ, ताडगोळे हेही तिथूनच घ्यावं.

गाडीतून घरी आणताना

दापोलीहून नवी मुंबई पाच-सहा तासांची वाट, पेणपासून पुढे गर्दी असली तर जास्त. ताजी मासळी आणायची तर निघण्याच्या सकाळीच घ्या आणि पोट साफ करून घ्या, कारण खराबी आतड्यांपासून सुरू होते. थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ. मासळीच्या वजनाइतका बर्फ धरा. खोक्याला खाली एक भोक ठेवून त्याखाली ट्रे ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासळी भिजत राहता कामा नये. चिंबोऱ्या बर्फात घालायच्या नाहीत, ओल्या गोणपाटात, हवा लागेल अशा ठेवायच्या. बोंबील आणायच्या भानगडीत पडू नका, तो तिथेच खावा.

घरी पोचल्यावर सामान नंतर, खोकं आधी. कोळंबी आणि बांगडा त्याच रात्री शिजवून टाका. सुरमईच्या तुकड्या धुऊन, निथळून, हळद-मीठ लावून एका जेवणापुरत्या वेगवेगळ्या डब्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. डोक्यांचं कालवण दुसऱ्या दिवशी सकाळी करा, मुरल्यावर दुपारपर्यंत ते जास्त चांगलं लागतं. सुकट आणि सोडे घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे पावसाळ्यात दमट होणार नाहीत.